माळ्यावरच्या टोप्या

मी चीज ठोकतो. म्हणजे दीड वर्ष फळीवर मुरत पडलेलं चाळीस किलोचं चाक घ्यायचं, छोट्या हातोडीनं सगळीकडून ठोकायचं आणि आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. आत भेग असली, पोकळी असली, तर आवाज बदलतो. तुम्हाला कळणार नाही, मला कळतं. मी नुसती मान हलवली की चाकावरचा शिक्का खरवडून टाकतात आणि ते किसून विकायला जातं. त्यामुळे अख्ख्या पंचक्रोशीतले दूधवाले मला बिचकून असतात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

याच कानामुळे मी माळ्याचा म्होरक्या झालो. बोर्गोसेल्वाच्या आमच्या थिएटरात खाली मखमली खुर्च्या, मध्ये पैसेवाल्यांचे बॉक्स आणि सगळ्यात वर, छपराला डोकं टेकेल असा, लाकडी बाकांचा माळा. तिकडे आम्ही बसतो. चांभार, न्हावी, खाटीक, गाडीवान. खालचे लोक कपडे दाखवायला येतात, आम्ही ऐकायला येतो. मिलानमध्ये हारतुरे घेतलेल्या गायकांना आम्ही रडवून स्टेशनावर पाठवलंय. पार्माचे लोक स्वतःला फार तिखट समजतात, पण आमच्यापुढे ते म्हणजे दूधभात.

माळ्यावर शेगडी नाही आणि छपराच्या फटींतून वारा येतो, म्हणून आम्ही टोप्या घालूनच बसतो. त्यातूनच एक रीत पडली. नव्या ऑपेरात दुसऱ्याची चोरलेली चाल ऐकू आली तर आम्ही शिट्ट्या मारत नाही, काही फेकतही नाही. ते मोदेनावाल्यांचं काम. आम्ही उठून टोपी काढतो, रस्त्यात ओळखीचा माणूस भेटल्यावर काढतात तशी. पहिली टोपी म्होरक्याची, मग सगळ्या माळ्याची. तोंडातून एक शब्द नाही. संगीतकाराला बरोबर कळतं, आपल्या गाण्यात यांना कोण भेटलंय ते. अठरा वर्षांत मी चार वेळा टोपी काढली. त्या चौघांपैकी एकानंही पुन्हा ऑपेरा लिहिला नाही.

पाचव्या टोपीची ही गोष्ट.

एर्मेते गिरार्दिनी हा माझ्या बायकोचा, झेलिंदाचा, धाकटा भाऊ. त्यांचा बाप पो नदीवर होडी चालवायचा. एका डिसेंबरात तो बुडून मेला, तेव्हा आईनं वल्हं हातात घेतलं आणि वीस वर्षं माणसं, बकऱ्या, पाद्री, सगळ्यांना पैलतीरी पोचवलं. एर्मेते चर्चच्या पेटीवर शिकला, मग पार्माला संगीतशाळेत गेला. माझा तो लंगोटीयार. पंधरा वर्षांचे असताना आम्ही माळ्यावर एकाच बाकावर बसायचो. त्याला गाणं आवडलं की तो रडायचा, मला चूक सापडली की मी हसायचो. सव्विसाव्या वर्षी त्याचा एक छोटा ऑपेरा बोलोन्यात दोनदा वाजला. मग लढाई आली आणि सगळंच बसलं.

लढाई संपल्यावर तो रोमला गेला, सिनेमाला संगीत द्यायला. त्यानं तिथं नाव काढलं, असं सांगायला आम्हाला आवडलं असतं. पण नाव कुठं दिसायला हवं ना! झेलिंदा प्रत्येक सिनेमाचं तिकीट काढायची, सुरुवातीची नावं वाचायची आणि उठून घरी यायची. बारा वर्षांत तिनं एकही सिनेमा पुरता बघितला नाही. नाव असायचं ते माएस्त्रो, म्हणजे उस्ताद, फाल्चिएरीचं. एर्मेते त्याच्या हाताखाली कामाला होता.

"काय झेलिंदा," आमचा न्हावी लेआर्को दारात उभा राहून विचारायचा, "भावाचं नाव याही खेपेला उंदरांनी खाल्लं का?"

एकाच सिनेमात एर्मेतेचं नाव आलं. बीटावर पडणाऱ्या किडीबद्दलचा तो सरकारी माहितीपट होता, वीस मिनिटांचा. सहकारी सोसायटीच्या हॉलमध्ये शेतकऱ्यांना दाखवला. झेलिंदा तो तीनदा बघून आली. लेआर्को म्हणाला, किडीचा प्रवेश फार छान साधलाय.

फाल्चिएरीचं मात्र उलट होतं. एक्कावन्न साली तीन बहिणी आणि एका सायकलीचा सिनेमा आला आणि त्यातलं त्याचं गाणं अख्ख्या इटलीनं शिट्टीवर उचललं. अकॉर्डियनवरची ठेक्याची चाल होती. लेआर्को दाढी करताना तीच वाजवायचा, आणि वस्तरा गळ्यावर असल्यामुळे त्याला गप्प बस म्हणायची कुणाची छाती नव्हती.

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात थिएटरच्या कमिटीनं एर्मेतेचा मोठा ऑपेरा घ्यायचं ठरवलं. नाव 'नावाडीण', तीन अंक, फेब्रुवारीतल्या दोन रविवारी दुपारी खेळ. वाद्यवृंद स्वतः एर्मेतेच चालवणार. गावातलाच पोरगा म्हणून कमिटीनं फार कौतुक केलं आणि त्या कौतुकाच्या भरात रोमहून प्रमुख पाहुणा बोलावला. कोण? माएस्त्रो फाल्चिएरी. एर्मेतेचा गुरू ना तो! कमिटीची अक्कल नेहमीच गुडघ्यात.

पहिल्या खेळाच्या आधीच्या गुरुवारी एर्मेते माझ्या कोठारात आला. केस पांढरे झाले होते, कोट रोमचा पण कोपरांवर झिजलेला.

"इलारिओ, हातोडी ठेव जरा खाली."

"ठेवली. बोल."

"तिसऱ्या अंकात एक गाणं आहे. तुला ते ओळखीचं वाटेल."

"कुणाचं?"

"माझं."

मी हसलो. "तुझं काही ओळखीचं वाटायला ऐकलंय कुणी? बीटावरची कीड?"

तो हसला नाही. त्यानं हळू आवाजात म्हणायला सुरुवात केली. अगदी संथ चाल, पाण्यावर वल्हं थांबवून बसावं तशी. चौथ्या मात्रेला माझे कान टवकारले.

"अरे, हे तर सायकलवालं! फाल्चिएरीचं!"

"सेहेचाळीस साली लिहिलंय मी. आईवर. होडीत एकटी बसलेली बाई, पैलतीराकडून कुणी हाक मारतंय का ते ऐकतेय. सगळा ऑपेरा त्या एका गाण्यासाठी लिहिला."

"मग ते सिनेमात कसं गेलं?"

"एक्कावन्नला आई सॅनेटोरियममध्ये होती, आठवतं ना? फाल्चिएरीला पंधरा दिवस काही सुचत नव्हतं, स्टुडिओ खोळंबला होता. तो म्हणाला, तुझ्या आईची तिथली सगळी सोय मी करतो, तू मला एक चाल दे. त्यानं माझी वही आधीच चाळली होती. हीच दे म्हणाला. दिली. कधी कुठं बोलणार नाही म्हणून कागदावर सही केली. त्यानं तिची लय पळवली, अकॉर्डियन घातलं, झालं."

आईची सोय सिनेमा कंपनीनं केली असं आम्ही सात वर्षं समजत होतो. ती त्या सोयीत आणखी दीड वर्ष जगली.

"मग काढून टाक ना ते गाणं," मी म्हणालो. "दुसरं घाल. चाली काय, तुला पैशाला पासरी."

"काढलं तर मागे काय उरतं? दोन अंक माणसं त्या गाण्याकडे चालत येतात, इलारिओ. तिथं पोचल्यावर त्यांना काय सांगू, बंद आहे?"

"तर मग सांगून टाक सगळ्यांना, तुझंच आहे म्हणून."

"सही केलीय. माझी भाकरीही त्याच्याच हातात आहे. आणि विश्वास कोण ठेवणार? अख्खा देश ती चाल त्याच्या नावानं शिट्टीवर वाजवतो."

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"टोपी डोक्यावर ठेव," तो म्हणाला. "तू काढली नाहीस तर कुणी काढणार नाही. कुजबुजतील, बाहेर गेल्यावर शिव्या घालतील, घालू देत. पण एकदा, फक्त एकदा, माझं नाव दारावर असताना त्यांना ते शेवटपर्यंत ऐकू दे."

त्याच्या आईच्या कबरीची शपथ घेऊन मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. झेलिंदाला सांगायचं नाही, एवढी एकच अट त्यानं घातली. आईच्या त्या दीड वर्षाची किंमत तिला कळायला नको होती.

रविवारी दुपारी माळा तुडुंब भरला होता. मी पुढच्या बाकावर मधोमध, माझ्या उजव्या हाताला लेआर्को. तो दहा वर्षांनी लहान होता आणि माझ्या जागेवर त्याचा डोळा होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. खाली पहिल्या रांगेत झेलिंदा, निळा नवा पोशाख, मान ताठ. समोरच्या बॉक्समध्ये महापौराशेजारी फाल्चिएरी, पांढरा रुमाल आणि गुलाबी गाल.

पहिला अंक चांगला गेला. दुसरा त्याहून चांगला. मागच्या बाकावरचा म्हातारा खाटीक बाहीला नाक पुसत होता. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला खुपलं. या माळ्यावरून एकजण उठून खाली गेला आणि त्यानं हे केलं, आणि मी इथंच बसून दुसऱ्यांच्या चाकांतल्या भेगा शोधत राहिलो, असं काहीतरी मनात येत होतं. मध्यंतरात सगळे माझ्या पाठीवर थाप मारत होते. "मेहुणा हिरा निघाला की रे!" मी मान डोलवत होतो.

तिसरा अंक. रंगमंचावर धुकं, होडी, एकटी बाई. वाद्यं थांबली आणि ती गायला लागली.

पहिल्या ओळीला माळ्यावर श्वासही ऐकू येत नव्हता. दुसऱ्या ओळीला माझ्या उजवीकडे लेआर्को ताठ झाला. तो तोंडातल्या तोंडात तीच चाल भरभर म्हणून बघत होता. तिसऱ्या ओळीला मागून कुजबूज आली आणि माझ्या पाठीला डोळे टोचायला लागले. सगळे माझ्या टोपीकडे बघत होते.

"इलारिओ," लेआर्को कुजबुजला.

"श्श."

"अरे इलारिओ, सायकल! सायकलवालं गाणं!"

"ऐक गप."

त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. तो चिडला नव्हता, कीव करत होता. "तुला ऐकूच नाही आलं? का मेहुण्याचं म्हटल्यावर कानात बोळे घातलेस?"

मागून कुणीतरी म्हणालं, "थकला रे इलारिओ. आता चीज पण लेआर्कोलाच ठोकू द्या." आणि चारपाचजण हसले.

विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय. मिळाला. पुढच्या दोन ओळी संपेपर्यंतचा वेळ मला मिळाला. त्यात मी एर्मेतेचा विचार केला, शपथेचा केला, आणि मग माझ्या कानाचा केला. मी उठलो आणि टोपी काढली.

पाठोपाठ तीनशे टोप्या निघाल्या. बाकं करकरली, बस. त्या आवाजानं खालचे लोक वर बघायला लागले. मग आमची तोंडं ज्या बॉक्सकडे होती, तिकडे त्यांनी माना वळवल्या. फाल्चिएरीला एका क्षणात सगळं कळलं. तो उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि माळ्याकडे बघून वाकला. महापौरांनी टाळी वाजवली. मग खालच्या सगळ्यांनीच वाजवली, फाल्चिएरीसाठी. नावाडीण गाता गाता थांबली.

एर्मेतेनं मागे वळून आधी बॉक्सकडे बघितलं, मग वर. तीनशे उघडी डोकी होती, पण त्यानं मला लगेच शोधलं. त्यानं काही हातवारे केले नाहीत. परत वळला, छडी उचलली आणि ते गाणं पहिल्यापासून सुरू केलं. बाई गायली. लोक बोलत होते, खुर्च्या सरकवत होते, कुणीतरी अकॉर्डियनच्या ठेक्यात टाळ्या धरल्या. त्यानं शेवटच्या सुरापर्यंत एकही मात्रा घाईनं घेतली नाही.

दुसरा रविवार रद्द झाला. पार्माच्या पेपरात आलं, बोर्गोसेल्वाच्या कानांनी चोर पकडला. माझं नाव छापलं होतं. अख्ख्या आयुष्यात पेपरात एकदाच, तेही पूर्ण, इलारिओ कावातोर्ता. दोन दिवसांनी फाल्चिएरीची मुलाखत आली. माझा विद्यार्थी आहे, गुरूवरच्या भक्तीपोटी हात घसरला असेल, मी त्याला माफ केलंय, खटला वगैरे काही करणार नाही. मोठं मन बघा म्हणाले लोक.

त्या आठवड्यात मी झेलिंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुला माहीत होतं?" मी हो म्हणालो. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

मग मी गुत्त्यात जाऊन सांगितलं. टेबलावर मूठ आपटून सांगितलं, की गाणं एर्मेतेचं आहे, चोर फाल्चिएरी आहे. लेआर्को हसायला लागला.

"चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराच्या मेहुण्याच्या पहिल्यांदाच ऐकतोय."

"मला त्यानं गुरुवारीच सांगितलं होतं!"

"आणि रविवारी तू सगळ्यात आधी टोपी काढलीस?" म्हातारा खाटीक म्हणाला. "मेहुणा खरा असता तर काढली असतीस का? बस रे इलारिओ, लांब्रुस्को घे. बायकोनं घरात पाय ठेवू दिला नाही म्हणून आता वरातीमागून घोडं."

मी एर्मेतेला म्हणालो, चल, दोघं मिळून पेपरवाल्यांकडे जाऊ. तो आमच्या माडीवरच्या खोलीत पलंगावर बसून बूट पुसत होता.

"तू गप्प राहिलास तर मला बरं पडेल," तो म्हणाला. "तुझ्या कानानं साक्ष दिलीय. आता तोंडानं फिरवायला गेलास तर मी आणखी मोठा चोर होईन."

रोममध्ये त्याला कुणी उभं केलं नाही. चोरीचा शिक्का बसलेला माणूस कुठला स्टुडिओ ठेवणार? तो आमच्याकडेच राहिला, बँडच्या पोरांना क्लॅरिनेट शिकवायला लागला. एप्रिलमध्ये फाल्चिएरी मोटारीनं आला. अर्धा तास वर बसला आणि खाली आला तेव्हा त्याच्या काखेत 'नावाडीण'चे तिन्ही अंक होते, फडक्यात बांधलेले. एर्मेतेनं परत सही केली होती.

"का दिलंस?" झेलिंदा किंचाळली.

"माझ्या नावानं ते आता कुठंच वाजणार नाही," एर्मेते म्हणाला. "त्याच्या नावानं वाजेल."

आणि वाजलं. एकसष्ट साली माएस्त्रो फाल्चिएरींचा पहिला ऑपेरा आला. नाव बदललं होतं, होडीवाली बाई आता कोळीण झाली होती, बाकी सूर न् सूर तोच. पेपरवाल्यांनी लिहिलं, की चोरट्या हातात विटाळलेली आपली चाल माएस्त्रोंनी सोडवून आणली आणि तिला शोभेल असं घर बांधून दिलं. मिलान, नेपल्स झालं आणि मार्चमध्ये कमिटीनं तो बोर्गोसेल्वाला आणला. आमच्या कानांचा सन्मान म्हणून.

मी गेलो. माझी जागा माझीच होती, टोपी काढल्यापासून तर तिकडे डोळा वर करून बघायची कुणाची हिंमत नव्हती. तिसऱ्या अंकात ती बाई गायली आणि या वेळी ती न थांबता, गोंगाटाशिवाय शेवटपर्यंत गायली. मी ते गाणं पहिल्यांदाच पुरतं ऐकलं. लेआर्को हुंदके देत होता. गाणं संपताच मी उभा राहून ओरडलो, "पुन्हा!" नाव कुणाचंही असो, आता तरी त्याला त्याचं मिळू दे, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. देवाशप्पथ, चांगलंच काहीतरी होतं. माझ्यामागे सगळा माळा ओरडला. तिनं ते दोनदा गायलं. आणि फाल्चिएरी मंचावर येऊन, माझ्याकडे बघून, जमिनीपर्यंत वाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. झेलिंदानं रश्श्यात सोडलेली, सारण भरलेली अनोलिनी केली होती. एर्मेते खेळाला गेला नव्हता. त्यानं चमचा भरला, फुंकर मारली आणि सहज विचारलं,

"तिसरा अंक संथ घेतला का?"

"संथ घेतला. तू घेतला होतास तसाच."

"आणि माळा?"

"दोनदा गायला लावलं."

त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. खोटं नाही सांगत, आनंदच होता, पंधराव्या वर्षी बाकावर दिसायचा तसला. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तो "पहिलं कोण ओरडलं?" म्हणाला तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं, "मीच. माझ्याशिवाय कोण ओरडणार?"

एर्मेतेनं चमचा खाली ठेवला.

"तेच गाणं होतं, इलारिओ," तो म्हणाला. "मग माझ्या वेळी का नाही?"

त्यानं आवाज चढवला नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. तो वाट बघत होता आणि मी रश्श्यात बघत होतो. न्हाव्यानं मला बहिरा म्हटलं म्हणून, एवढंच उत्तर होतं, आणि ते मला त्याच्या तोंडावर सांगता येईना.

झेलिंदा उठली आणि तिनं माझ्यापुढचं ताट उचलून नेलं. माझं जेवण व्हायचं होतं अजून.